लाल कोणाला?

[दृश्य: गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला एक वाडा, म्हणजे गावातली एक वस्ती, संध्याकाळ. अंगणातल्या दोरीवर टॉवेल सुकत घातलेत.]

ही दोरी बघा. लाल, निळा, हिरवा, पिवळा, गुलाबी. आम्ही लहान असताना ह्याच अंगणात असेच पाच रंगांचे टॉवेल असायचे आणि ते अंग पुसायला कमी आणि गळ्यात बांधून भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, धावायलाच जास्त वापरले जायचे, कारण टीव्हीवर पॉवर रेंजर्स ह्या रंगीत पोशाखातल्या पाच लढवय्यांच्या अमेरिकन मालिकेचा एसपीडी नावाचा सीझन लागायचा आणि आम्ही बरोब्बर पाच जण होतो.

अमेरिकेत त्या सीझनचा पहिला भाग ५ फेब्रुवारी २००५ ला दाखवला. आपल्याकडे तो हिंदीत डब होऊन टून डिस्ने चॅनलवर, जेटिक्स नावाच्या मारामारीच्या मालिकांच्या वेळेत आला. वाड्यावर तेव्हा केबल एकाच घरात, शेजारच्या काकींकडे, त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्या सोप्यावर चपला काढून आत जमिनीवर बसायचो. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि रेंजर झाल्यावर हिंदी, असा आमचा कारभार होता आणि त्यात कोणालाच काही वेगळं वाटायचं नाही.

आता त्या पहिल्या, दोन तुकड्यांत दाखवलेल्या भागाबद्दल सांगतो, कारण मी तो मोठेपणी परत परत पाहिलाय आणि दर वेळी तो मला तिथंच नेऊन बसवतो.

गोष्ट २०२५ सालातली. बनवणाऱ्यांसाठी ते वीस वर्षं पुढचं साल होतं, आमच्यासाठी तर म्हातारपणच. शहराचं नाव न्यूटेक सिटी, तिथं माणसं आणि परग्रहावरचे लोक एकत्र राहतात आणि त्यांची राखण करायला स्पेस पेट्रोल डेल्टा नावाचं पोलीसदल, तेच एसपीडी. त्यांची ए-स्क्वॉड म्हणजे अव्वल टीम लढायला जाते ती गायबच होते. मग कमांडर क्रूगर, ज्याचं तोंड कुत्र्याचं आहे पण आवाज आणि रुबाब असा की आम्ही पोरं आपोआप ताठ बसायचो, तो बी-स्क्वॉडच्या कॅडेट्सना पुढं आणतो. स्काय, ब्रिज आणि सिड.

स्कायचे वडील रेड रेंजर होते. त्यानं आयुष्यभर एकच ठरवलेलं, आपण लाल होणार, म्हणजे टीमचा म्होरक्या. नियम पाठ, बूट चकाचक, प्रॅक्टिस सगळ्यांत जास्त. आणि क्रूगर त्याला निळा देतो. लाल मिळतो जॅकला, जो एसपीडीत नव्हताच, जो आणि त्याची मैत्रीण झी चोऱ्या करून गरिबांना कपडे आणि खाणं वाटत फिरायचे, आणि ज्याला मुळात ह्या भानगडीत पडायचंच नव्हतं.

[दृश्य: रिकामी झालेली शाळेची बाकं. कॅमेरा एका बाकावर थांबतो.]

मला सांगा, लहान मुलांच्या मालिकेत पहिल्याच भागात कोण असं करतं? राक्षस आहेत, रोबो आहेत, स्फोट आहेत, सगळं आहे, पण मधोमध एक मुलगा उभा आहे ज्यानं सगळं बरोबर केलंय आणि तरी त्याचं नाव पुकारलं गेलेलं नाही. ज्याला शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटकात राजा व्हायचं होतं आणि भालदार मिळाला, ज्याला कबड्डीच्या टीममध्ये बारावा घेतला, त्यानं हा भाग बघावा. स्कायचा चेहरा बघावा. आणि मालिका त्याला उगाच थोपटत बसत नाही, त्याचा राग खरा आहे म्हणून तो रागावलेलाच राहतो, पुढच्या कितीतरी भागांत तो जॅकशी तुटक बोलतो, आणि हळूहळू कधीतरी त्याला कळतं की हा चोर आपल्यापेक्षा लोकांना चांगलं ओळखतो. एकूण अडतीस भाग. शेवटी जॅक स्वतःहून बाजूला होतो, गरिबांना मदत करायला जातो, आणि तेव्हा लाल स्कायकडे येतो. पण ती शेवटची गोष्ट, पहिल्या भागात तिचा पत्ताही नसतो. आम्हाला तर वाटलं संपलं, ह्याला काय आता मिळत नाही.

रंगांची ही वाटणी अमेरिकेत सुरू झाली नाही. ती जपानची. तिथं तोएई कंपनीनं ५ एप्रिल १९७५ ला गोरेंजर नावाची मालिका सुरू केली, पाच जण, आणि रंग हेच, लाल निळा पिवळा गुलाबी हिरवा. त्यातून सुपर सेंताई नावाची अख्खी परंपरा उभी राहिली. पुढं अमेरिकेत हाइम सबान आणि शुकी लेवी ह्यांनी जपानी मालिकेतल्या मारामाऱ्या तशाच ठेवून, हेल्मेटच्या बाहेरचे सीन अमेरिकन नटांना घेऊन नव्यानं शूट केले आणि २८ ऑगस्ट १९९३ ला पॉवर रेंजर्स चालू झालं. त्या पहिल्या सीझनमध्ये गुलाबी रेंजरच्या ड्रेसला स्कर्ट आहे आणि पिवळ्याला नाही, मुलगी असूनसुद्धा, कारण मूळ जपानी मालिकेत पिवळा हा मुलगा होता. एसपीडीच्या मागे अशीच डेकारेंजर नावाची २००४ ची जपानी मालिका आहे आणि अमेरिकन भाग शूट झाला तो न्यूझीलंडमध्ये. म्हणजे बघा, लढाई जपानची, डोंगर न्यूझीलंडचे, आवाज हिंदी, आणि बघणारे पेडण्यातले.

आणि तेव्हा दर वर्षी नवी टीम, नवा शत्रू, नवे रोबो असायचे. त्यात खेळणी विकायचा हिशोब होताच, तो कोणी लपवलेलाही नाही. आमच्यापर्यंत ती खेळणी देवळाच्या जत्रेतल्या फेरीतून, म्हणजे बाजारातून, यायची, खाज्यांच्या दुकानाच्या बाजूला प्लास्टिकचा मांडलेला ढीग, त्यात लाल कधीच उरलेला नसायचा.

[दृश्य: रात्र, देवळासमोरचा मांड. पेट्रोमॅक्सच्या उजेडात दशावतारी नट तोंड रंगवतोय.]

आमचे मामा दशावतारात काम करायचे. पेटारा डोक्यावर घेऊन गावोगाव जाण्याचे दिवस त्यांनी काढलेले. एकदा दुपारी ते काकींकडे आम्हाला न्यायला आले आणि रेंजर्सची मारामारी चालू होती म्हणून दारातच उभे राहिले. आम्हाला वाटलं आता ओरडतात. ते बघत राहिले, बराच वेळ, आणि म्हणाले, "ह्यांचं तोंड झाकलंय बघ, म्हणून मान बोलते." मग अंगणात येऊन त्यांनी आम्हाला संकासुर करून दाखवला. संकासुराच्या तोंडावर काळं कापड असतं, बाहेर लोंबणारी लांब लाल जीभ, डोळेसुद्धा धड दिसत नाहीत, तरी तो हसला की कळतं आणि घाबरला की कळतं, कारण नट खांद्यानं, मानेनं, हातातल्या काठीनं सगळं सांगतो. हेल्मेटमधला रेंजर बोलताना एवढे हात का हलवतो, मान का डोलावतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मामा बाईची कामंही करायचे, लुगडं नेसून, आणि मोठेपणी जेव्हा मी वाचलं की जपानमध्ये बायकांच्या रेंजर सूटमध्येही वर्षानुवर्षं पुरुष स्टंट कलाकार असायचे, तेव्हा पहिली आठवण त्यांची आली. त्यांना सांगायला ते राहिले नाहीत.

दशावतारात आधी आड दशावतार होतो, गणपती येतो, सरस्वती येते, संकासुर येऊन जातो, आणि मग रात्री उशिरा आख्यान लागतं. कोण देव, कोण राक्षस, कोणाची बाजू कुठली, हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असतं आणि तरी पात्र पहिल्यांदा पडद्यामागून बाहेर येतं तेव्हा झोपलेली पोरं उठून बसतात. सीझनचा पहिला भागही मला तसाच वाटतो. पाच जण एका ओळीत उभे राहणार, रंग बदलणार, मागे स्फोट होणार, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कोण कुठल्या रंगात बाहेर येतो ते बघायला आपण बसलेलो असतो.

एसपीडी लागायचं त्या वर्षीच्या दिवाळीला आम्ही पोरांनी नरकासुर केला तो सुद्धा त्यातला मुख्य शत्रू सम्राट ग्रम ह्याच्यासारखा. कवटीचं तोंड आणि एकच शिंग, कारण दुसरं क्रूगरनं तोडलेलं. बांबू, गवत, खळ लावून चिकटवलेले पेपर. शेजारचे भाऊ येऊन विचारत होते दुसरं शिंग पडलं काय रे, आणि आम्ही पाचही जण एकदम समजावून सांगायला लागलो. पहाटे तो जाळला तेव्हा धाकटा रडला होता.

[दृश्य: भाट, माडांच्या मधून पळणारी मुलं. फक्त पाय दिसतात.]

आमच्यात लाल कोण होता? ज्याच्या घरी टीव्ही तो. त्यावर वाद नव्हता. मी निळा. हिरवा माझा चुलतभाऊ, गुलाबी समोरची एक मुलगी आणि पिवळी आमची ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, जी आमच्यात सगळ्यांत जोरात पळायची, माडावरसुद्धा चढायची, आणि जिला लाल हवा होता. तिनं तो मागितला होता. आम्ही म्हणालो मुलगी लाल नसते, टीव्हीत आहे काय?

मग मेच्या सुट्टीत लालवाला मामाकडे वास्कोला गेला आणि जाताना लाल टॉवेल माझ्याकडे देऊन गेला. मी दिवसभर तो गळ्यातून काढला नाही. ताई म्हणाली एक दिवस मला दे, एकच दिवस, आणि मी दिला नाही. मी स्वतः स्कायसाठी एवढा हळहळलेला मुलगा, पण तिच्यासाठी माझ्या मनात तेव्हा काही आलं नाही. पुढे त्याच सीझनच्या शेवटाकडे ए-स्क्वॉड परत आली, हेल्मेट काढली, आणि त्यांची रेड रेंजर मुलगी निघाली, चार्ली नावाची. पहिल्या भागात जी टीम गायब झाली तिच्यात लाल रंग एका मुलीकडेच होता, आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ताई टीव्हीसमोर उभीच राहिली. पण ए-स्क्वॉड तोवर शत्रूला सामील झालेली होती, आणि ताई काही न बोलता घरी गेली.

[दृश्य: आजचं घर. मोबाईलचा उजेड पडलेला एका लहान मुलीचा चेहरा.]

२९ सप्टेंबर २०२३ ला नेटफ्लिक्सवर कॉस्मिक फ्युरी आलं, पॉवर रेंजर्सचा तिसावा सीझन, दहाच्या दहा भाग एकाच दिवशी. मुख्य टीमचे ड्रेस पहिल्यांदाच जपानी मालिकेतले न घेता स्वतः केलेले. आणि टीमची प्रमुख लाल रेंजर अमेलिया, आधीच्या सीझनची गुलाबी.

ताई चतुर्थीला माहेरी आली होती ती अजून इथंच होती. तिनं लेकीला मांडीवर घेऊन पहिला भाग लावला आणि मी मागे दाराला टेकून उभा होतो, मामा उभे राहायचे तसा. मी ताईकडे बघत होतो. ती काही बोलली नाही, फक्त अमेलिया आली की लेकीचे केस मागे करत होती, पुन्हा पुन्हा. भाचीला त्यात नवल काहीच वाटलं नाही. भाग संपला तशी ती उठली, अंगणात गेली, दोरीवरचा लाल टॉवेल ओढून काढला आणि गळ्यात बांधायला आईकडे घेऊन आली. ताईनं गाठ मारली. दोनदा मारली, सुटू नये म्हणून.

मग ती दोरीकडे परत गेली आणि दुसरा टॉवेल काढून माझ्यासमोर धरला.

"मामा, तूं निळो."

[दृश्य: दोरी. लाल आणि निळ्याची जागा रिकामी. अंगणातून पळण्याचा आवाज.]