चूल आणि चुलता

पडद्यावर दिसणाऱ्या या मातीच्या चुलीत तुराट्या आणि पऱ्हाट्या जळत आहेत, वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या बाजूच्या तोंडावर, वरण रटरटते आहे आणि तव्यावरून उतरवलेली ज्वारीची भाकरी निखाऱ्यांपुढे उभी राहून फुगते आहे. मराठवाड्यात पुष्कळ घरी गॅस आला, तरी परसातली चूल राहिली. बोलण्यातली चूल तर कुठेच गेली नाही.

'चूल' हा शब्द संस्कृत 'चुल्ली'वरून आला. गृहस्थाच्या घरात नकळत जीवहिंसा घडते अशा पाच जागा मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितल्या आहेत. त्यांत पहिले नाव चुल्लीचे असून जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा तिच्यामागून येतात. मराठीत येताना जोडाक्षरातला एक 'ल' गळाला आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला. 'पल्ली'ची 'पाल' झाली ती याच वाटेने.

विस्तवाच्या या शब्दाने माणसेही मोजली जातात. भाऊ वेगळे झाले की शेताच्या वाटणीआधी 'चूल वेगळी झाली' असे सांगितले जाते, आणि लग्नाला 'चूलबंद आवतण' दिले, तर त्या दिवशी त्या घरी चूल न पेटवता लहानथोर सर्वांनी जेवायला यावे, असा त्याचा अर्थ असतो. हे 'आवतण' म्हणजे 'आमंत्रण'च; 'ग्राम'मधल्या 'म'चा 'गाव'मध्ये 'व' झाला, तसाच इथेही झाला.

यावरून, ज्याची चूल वेगळी तो चुलत, अशी फोड अनेक जण विश्वासाने सांगतात. ती पटण्यासारखी असली तरी खरी नाही. 'चुलता' या शब्दातला 'चुल' हा प्राकृतातला 'चुल्ल', म्हणजे लहान; संस्कृतात तो 'क्षुल्ल' आहे. विनयपिटक या बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या पाली ग्रंथातल्या 'चुल्लवग्ग' (लहान विभाग) या नावात तोच शब्द आहे, आणि पाली भाषेत वडिलांच्या धाकट्या भावाला 'चुल्लपिता' म्हणतात. 'चुल्ल' आणि 'तात' मिळून चुलता झाला, आणि पुढे वडिलांच्या थोरल्या भावालाही तेच नाव लागले. मला ही व्युत्पत्ती फार मोलाची वाटते, कारण ज्या शब्दात आपण वाटणी ऐकतो, त्यात मुळात बापाचे नाते आहे. दोन भावांच्या चुली वेगळ्या होऊन कित्येक वर्षे लोटलेल्या घरातला मुलगाही पाहुण्यांना 'हे माझे चुलते' अशी ओळख करून देतो, तेव्हा तो त्यांना धाकटा बापच म्हणत असतो.