फ्लिंटचं पाणी

२५ एप्रिल २०१४. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर. महापौरांनी बटण दाबलं, डेट्रॉइटवरून येणारं पाणी बंद झालं आणि फ्लिंट नदीचं पाणी सुरू झालं, जमलेल्या अधिकाऱ्यांनी ग्लास उंचावून ते पिऊनही दाखवलं. का, तर पैसे वाचवायचे. आणि तेव्हा शहराचा कारभार होता गव्हर्नरनी नेमलेल्या इमर्जन्सी मॅनेजरच्या हातात, म्हणजे लोकांनी ज्याला कधी मत दिलंच नाही अशा माणसाच्या.

फ्लिंटमध्ये निम्म्याहून जास्त लोक काळे आहेत. १९६० च्या सुमाराला जनरल मोटर्सच्या जिवावर इथं जवळजवळ २ लाख लोक राहायचे, मग कारखाने एकेक करून बंद पडले, गोरी कुटुंबं उपनगरात निघून गेली, काळ्यांना तिकडं घरासाठी वर्षानुवर्षं कोणी कर्ज देत नव्हतं, त्यामुळे ते मागेच राहिले. आणि राहिले जमिनीखालचे जुने शिशाचे पाइप.

नदीचं पाणी पाइप खाणारं होतं. ते गंजू नयेत म्हणून पाण्यात फॉस्फेट घालतात, इथं ते घातलंच नाही! मग पाइपमधलं शिसं पाण्यात उतरायला लागलं. नळाला तांबूस, वास मारणारं पाणी यायला लागलं, अंगावर पुरळ उठायला लागलं, लोक बाटल्या भरभरून मीटिंगला घेऊन जायचे आणि उत्तर एकच, पाणी सुरक्षित आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सनी सांगितलं की या पाण्यानं आमच्या इंजिनाचे पार्ट गंजतायत, त्यांच्या कारखान्याला दुसरीकडून पाणी मिळालं. लोकांना मात्र पुढं अख्खं वर्षभर तेच पाणी. मला हे वाचल्यापासून चैन पडत नाही, इंजिनाचं ऐकलं हो, पोरांचं कोणी ऐकलं नाही.

सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी रिपोर्ट मांडले. ५ वर्षांखालच्या मुलांत रक्तात जास्त शिसं सापडण्याचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ वर गेलं होतं. सरकारी लोकांनी आधी त्यांनाच खोटं ठरवलं, नंतर मान्य करावं लागलं आणि ऑक्टोबरमध्ये डेट्रॉइटचं पाणी परत आलं.

पण शिसं नुसतं पोटात जाऊन थांबत नाही, ते लहान मुलांच्या मेंदूवर जातं. लक्ष लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, मूल चिडचिडं होतं, आणि वर्गात हे सगळं बाईंना दिसतं ते मस्ती म्हणून, आळस म्हणून. म्हणून मी म्हणते आरोग्य वेगळं आणि शिक्षण वेगळं असं इथं करताच येत नाही. २०१७ मध्ये मिशिगनच्या नागरी हक्क आयोगानंही सांगितलं की याच्या मुळाशी पिढ्यानपिढ्या चालत आलेला वंशभेद आहे.

२०१४ साली ज्या बाळाच्या बाटलीत या नळाचं पाणी घालून दुधाची पावडर कालवली, ते आता माध्यमिक शाळेच्या वयाचं झालंय. अशा मुलांची नीट तपासणी व्हावी, शाळेत त्यांना लागेल ती जास्तीची मदत मिळावी, एवढ्यासाठी त्यांच्या आईवडिलांना २०१६ मध्ये कोर्टात जावं लागलं.