300 ताटांची मासळी

(दृश्य : ससून डॉक, पहाटे पाच. दिव्यांच्या उजेडात बोटी, टोपल्या, बर्फ.)

कुलाब्याचा ससून डॉक 1875 साली बांधला गेला तो कापसाच्या व्यापारासाठी. आता कापूस औषधालाही नाही. बोटी एकमेकींना खेटून लागल्यात, टोपल्या या हातातून त्या हातात चालल्यात, आणि पायाखाली बर्फ, खवले आणि खारं पाणी यांचा असा रबरबाट आहे, की नवखा माणूस दहा पावलांत आडवा व्हावा.

या गर्दीत तीन बायका लिलावाच्या कडेला उभ्या आहेत. मुंबईतल्याच एका कोळीवाड्यातल्या महिला मंडळाच्या. उद्या रविवारी वाड्यात मासळीचं जेवण आहे. कुपनं खपलीत 300. उरतील ते पैसे वाड्यातल्या मुलींच्या कबड्डी मॅटला.

कोळणींनी मासळी विकत घ्यायची म्हणजे ऐकायलाही चमत्कारिक वाटतं. पण त्यांच्या खाडीत आता गटाराचं पाणी जास्त आणि म्हावरा कमी. वाड्यातल्या बऱ्याच घरांचा धंदा इथल्याच मालावर चालतो.

(दृश्य : लिलाव. हातवारे, ओरडा.)

इथे किलोवर घासाघीस होत नाही. टोपली नाहीतर क्रेट, आहे तशी, लहान-मोठ्या मापासकट बोलीवर चढते. हा हा म्हणता सौदा तुटतो. बाहेरचा माणूस हौसेने बोली लावायला गेला, तर एक तर त्याच्याकडे कुणी बघत नाही, नाहीतर सगळे जरा जास्तच बघतात. म्हणून मंडळाने पुढे केलंय मावशींना. त्यांनी आयुष्यभर डोक्यावर पाटी वाहिली. दलाल त्यांना ओळखतात, आठवड्याने पैसे दिले तरी चालतं. मावशी शेजारच्या दोघी विक्रेत्या बायकांबरोबर भागीत क्रेट उचलतात आणि मग वाटे पाडतात. मोठा माल स्वस्तात पडतो तो असा.

पण खरी बचत इथे यायच्या आधीच झालीय, कॅलेंडरवर.

आज शनिवार. मुंबईत मारुतीच्या आणि शनीच्या वारी मासळी न खाणारी घरं थोडीथोडकी नाहीत. सोमवारी उपास शंकराचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्या दिवशी पहाटे शहरभरच्या विक्रेत्या धक्क्यावर तुटून पडतात आणि बोली चढते. शनिवारी त्यातल्या निम्म्या जागा रिकाम्या दिसतात. त्यातून महिना मार्गशीर्ष. मग जेवणच शनिवारी का ठेवलं नाही? कारण जेवणारेही तेच! मासळी स्वस्त असते तेव्हा खाणारा उपाशी असतो. तेव्हा खरेदी एका दिवशी आणि पंगत दुसऱ्या दिवशी, हे मंडळाचं गणित.

हे गणित सगळ्या मासळीला लागू पडत नाही, हे मात्र मावशींनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. मोठी कोळंबी, माकुल, वाकटी हा माल परदेशी जातो. तिकडच्या गिऱ्हाइकाला संकष्टी माहीत नाही. उपासाला भाव उतरतो तो घरच्या चुलीवर शिजणाऱ्या मासळीचा.

(दृश्य : पापलेटचा क्रेट. खजिनदार वाकून बघते.)

ही मंडळाची खजिनदार. मावशींची सून, बँकेत नोकरीला. तिचा जीव पापलेटात अडकलाय. बॅनरवर पापलेट नसलं, तर लोक काय म्हणतील? 2023 साली पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, पण मान मिळाल्याने भाव काही उतरला नाही. तेवढ्यात तिला तळहाताएवढ्या पापलेटांची एक टोपली दिसते. स्वस्त.

"मावशी, ही घेऊया ना?"

"ती पिल्लं हायेत गो. नको."

नको म्हणण्यामागे कायदाही आहे. त्याच वर्षी महाराष्ट्राने 54 जातींच्या मासळीची कमीत कमी लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचाही नाही आणि विकायचाही नाही. तरी असा माल बाजारात दिसतो. एकदाही अंडी न घातलेलं पापलेट तव्यावर गेलं, की पुढच्या मोसमाचा भाव आपणच चढवून ठेवतो. सुनेने टोपली सोडली. तोंड मात्र बोटभर उतरलं.

मग ताटात काय? रवा लावून तळलेला एक बांगडा, कोळंबीचं कालवण, भात, तांदळाची भाकरी, सोलकढी. मांदेली वेगळ्या टेबलावर, ज्याला हवी त्याने वरचे पैसे देऊन घ्यावी.

(दृश्य : मावशींचे हात, जवळून. कोळंबी.)

हे हात बघा. मावशी मूठभर कोळंबी उचलतात आणि हलकेच झटकतात. डोकी धडाला घट्ट राहिली, तर माल ताजा. डोकी लोंबू लागली, काळी पडली, तर पुढची टोपली. मग त्या खलाशाला विचारतात, "शेवटच्या ओढीची हाय का?" हा प्रश्न नवख्याला सुचणार नाही. ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात असतो. पहिल्या दिवशीची मासळी बर्फात तळाशी जाते, परतीच्या वाटेवरची वर राहते. एकाच बोटीतून उतरलेल्या दोन टोपल्यांत आठवड्याचं अंतर असू शकतं. रोजच्या रोज परतणाऱ्या छोट्या होड्यांच्या मालात ही भानगड नाही, पण तो माल थोडा असतो आणि लगेच उडतो.

आता हिशेब. ताटाला सोललेली 60 ग्रॅम कोळंबी धरली, तर 300 ताटांना 18 किलो. पण डोकं आणि साल गेलं की कोळंबी निम्मी उरते. म्हणजे घ्यायची 36 किलो. बऱ्याच मंडळांचं बजेट कोसळतं ते इथे. भाव विचारतात अख्ख्या मालाचा आणि ताटं मोजतात सोललेल्या मालाची. डॉकवरच्या शेडमध्ये कोळंबी सोलून मिळते, वजनावर मजुरी असते. मंडळाने ती वाचवली. दुपारी समाजमंदिरात वीसेक बायका गप्पा मारत सोलायला बसतील, आणि डोकी टाकायची नाहीत. ती उकळून, गाळून त्याचं पाणी कालवणात जाणार. कमी कोळंबीतही कालवणाला चव येते ती त्या पाण्याने.

(दृश्य : बर्फाचा भुगा. थर्माकोलचे खोके.)

बर्फात काटकसर नाही. किलोला किलो. खाली बर्फ, वर मासळी, पुन्हा बर्फ, आणि खोक्याच्या बुडाला भोक, म्हणजे वितळलेलं पाणी निघून जाईल. त्या पाण्यात पडून राहिलेली मासळी लवकर जाते.

बांगडा मात्र आज घेतलेला नाही. तो उद्या पहाटे, चार पैसे जास्त गेले तरी. बांगडा, तारली, कुपा ही मासळी गरम राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. वास येईलच असं नाही, आणि कितीही कडकडीत तळलं तरी ते जात नाही. खाणाऱ्याच्या अंगावर लाल चट्टे उठतात, डोकं ठणकतं, उलट्या होतात. कोळंबी सोलताना मधूनमधून बर्फ घालता येतो. पण शनिवारभर 40 किलो बांगड्याच्या खोक्यांवर पहारा कोण देणार? किलोला सात-आठ बसतील असा बांगडा घेतला, की माणशी एक पुरतो.

(दृश्य : रविवार. वाड्यातलं अंगण, कढया, रांग.)

मसाला घरोघरचा आहे, एप्रिल-मे महिन्यात कुटून बरणीत भरलेला. प्रत्येक घराने वाटीभर दिला. आता पाच-पन्नास घरांचे मसाले एकत्र केले की कालवण नक्की कुणाच्या हातचं, हा वाद होणारच. झाला. मावशींनी तो मीठ चाखून मिटवला.

तांदूळ एका दुकानदाराने दिला, नारळ देवळाकडून आले. बर्फवाल्याने पैसे घेतले, पण एक लादी वर टाकली. पापलेटबद्दल विचारणारे रांगेत दोघं-तिघं निघाले. बांगड्याचा पहिला तुकडा मोडल्यावर तेही गप्प झाले. मांदेलीचं टेबल दीड वाजता संपलं.

(दृश्य : संध्याकाळ. खजिनदार वही उघडून बसलीय.)

मासळी ठरल्या रकमेत बसली, उलट थोडे पैसे उरले. खड्डा पडला तो तेलात. रवा तेल पितो, आणि 300 बांगड्यांच्या मागे तेलाचे डबे अंदाजाच्या दीडपट गेले. मॅटचे पैसे निघाले, फक्त ती आणायच्या टेम्पोचं भाडं राहिलं.

"पुढच्या वर्षी तेल देणगीत मागायचं," सून वहीत लिहून ठेवते.

मावशी पाय चेपत बसल्यात. "लिही. आनि अर्धा बांगडा कालवनात घाल म्हनावं."