कणकण

[सकाळचे सहा. तलावपाळी. ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कडेनं चालणारी माणसं. लांबून कौपिनेश्वराच्या देवळातली घंटा.]

या माणसांत माझी मावशी असायची. रोज तीन फेऱ्या, मग कौपिनेश्वराचं दर्शन, मग जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन चरईत घरी. चार वर्षांपूर्वी ती यायची बंद झाली. घरात वाईट काही घडलं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, पैशांची ओढाताण नव्हती. "कणकण वाटतेय," एवढंच म्हणायची. काका थर्मामीटर लावायचे. ताप नसायचा. शेजारी फोन वाजत राहायचा आणि ती त्याच्याकडे नुसती बघत राहायची.

[खोली. ओढलेला पडदा. उशाशी गोळ्यांची पाकिटं.]

कणकण. ताप चढायच्या आधी होते ती. अंग मोडून येतं, तोंडाची चव जाते, कुणी बोलूसुद्धा नये असं वाटतं, चादर ओढून भिंतीकडे तोंड करून पडावंसं वाटतं. यातला ताप वजा करा आणि उरलेलं सगळं नैराश्याच्या लक्षणांशी ताडून पाहा. बरंचसं जुळतं.

1988 साली बेंजामिन हार्ट या अमेरिकेतल्या पशुवैद्यकानं एक गोष्ट मांडली. आजारी जनावर खाणं सोडतं, कळपापासून दूर जाऊन पडून राहतं, तेव्हा ते निव्वळ थकलेलं नसतं. शरीरानंच तसा हुकूम सोडलेला असतो, की सगळी ताकद जंतूंशी लढायला ठेव, बाकीची कामं बंद. रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात आणि त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो. काही निरोप रक्तातून जातात, काही पोटापासून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नसेवरून. जंतू गेले की निरोप थांबतात, माणूस उठून बसतो आणि पेज मागतो.

पण निरोप थांबलेच नाहीत तर?

[मनोविकार रुग्णालयाच्या परिसरातली जुनी झाडं.]

ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. कुणाला चिडवायचं झालं की लोक "ठाण्याला नेऊन सोडा" म्हणतात. ठाण्यात वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या कानांवर ते लहानपणापासून पडतं, आणि म्हणूनच मावशीला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला घरच्यांनी आठ महिने लावले. ते आठ महिने मला आजही बोचतात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे साधारण 20 प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं. म्हणजे लोकलच्या एका डब्यात किती जण, हिशोब करा.

गोळ्या सुरू झाल्या. पहिलीनं दोन महिन्यांत झोप सुधारली, बाकी काही नाही. डोस वाढवला. दुसरी गोळी आली. पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे घेऊनही दोन औषधांनी गुण येत नाही, तेव्हा डॉक्टर म्हणतात की हे नैराश्य उपचारांना दाद देत नाही. घरात त्याचा अर्थ वेगळा लावला गेला. "ती मनावरच घेत नाही." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि तिनंही ऐकलंय.

[प्रयोगशाळा. रक्ताच्या नळ्या. रिपोर्टचा कागद.]

सीआरपी हा शब्द कोविडच्या दिवसांत घराघरांत पोचला. कळव्याच्या रुग्णालयाबाहेर उभे असलेले नातेवाईकही "सीआरपी किती आला?" असं एकमेकांना विचारायचे. यकृतात तयार होणारं हे प्रथिन शरीरात दाह असला, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतलेली असली, की वाढतं. गंभीर जंतुसंसर्गात ते शंभराच्याही वर जाऊ शकतं. पण एक मंद दाहही असतो. त्यात ताप नाही, सूज नाही, सीआरपी मात्र लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर महिनोन् महिने रेंगाळतो. चूल विझली असं वाटावं आणि राखेखाली निखारा धुमसत राहावा, तसा. नैराश्य असलेल्या माणसांच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब 2019 साली मांडला गेला. साधारण चौघांमागे एकाचा सीआरपी 3 च्या वर निघाला.

चौघांत एक. सगळे नाहीत. ही गोष्ट मी पुन्हा सांगणार आहे.

आता कुणी विचारेल की आधी काय? दाहामुळे मन खचलं, की मन खचल्यामुळे चालणं सुटलं, वजन वाढलं आणि दाह आला? दोन्ही घडतं. पण दाहाकडून मनाकडे जाणारी वाट खरी आहे, हे एका औषधानं जवळून दाखवलं. त्याचं नाव इंटरफेरॉन. हिपॅटायटिस सी आणि काही कर्करोगांत ते द्यायचे. ते प्रतिकारशक्तीला मुद्दाम चेतवतं. आधी हसतखेळत असलेली बरीच माणसं काही आठवड्यांत नैराश्यात जायची. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांना इंटरफेरॉनच्या दोन आठवडे आधीपासून नैराश्यावरची गोळी दिली. गोळी मिळालेल्यांपैकी 11 टक्क्यांना नैराश्य आलं. नकली गोळी मिळालेल्यांत 45 टक्क्यांना.

मेंदूत काय होतं? अन्नातून येणाऱ्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून शरीर सेरोटोनिन बनवतं, मनःस्थितीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन. दाह असला की एक विकर (एन्झाइम) जागं होतं आणि ट्रिप्टोफॅन दुसऱ्या वाटेला वळवतं. त्या वाटेवर तयार होणारे काही पदार्थ मेंदूच्या पेशींना त्रासदायक असतात. डोपामिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाची यंत्रणाही मंदावते. हुरूप, ओढ, काहीतरी करावंसं वाटणं याच यंत्रणेवर चालतं. नेहमीच्या गोळ्या मुख्यतः सेरोटोनिनवर काम करतात. दाह असलेल्यांना त्या कमी का पडत असाव्यात, याचा एक धागा इथे मिळतो.

[रिकामं बाकडं. तलावाचं पाणी.]

मग दाहच थांबवला तर? अटलांटात 60 जणांवर हे करून पाहिलं, निकाल 2013 साली आले. औषधांना दाद न देणारं नैराश्य होतं त्यांना. संधिवातात वापरतात ते इन्फ्लिक्सिमॅब अर्ध्या लोकांना दिलं, बाकीच्यांना नुसतं सलाइन. एकूण फरक शून्य. पण ज्यांचा सीआरपी 5 च्या वर होता, त्यांच्यापैकी 62 टक्क्यांना औषधानं चांगला उतार पडला, सलाइनवाल्यांत 33 टक्क्यांना. आणि सीआरपी कमी असलेल्यांना? त्यांना सलाइनच बरं ठरलं. माणसं मोजकी होती, म्हणून या आकड्यांवर घर बांधू नये. तरी मला तो अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण एकच नाव असलेल्या आजारात वेगवेगळी माणसं दडलेली आहेत, हे तो उघड करतो.

आणि याच कारणानं, "हळद घ्या, डिप्रेशन पळवा" अशा फॉरवर्डचा मला मनापासून राग येतो. चालू गोळी त्यापायी कुणी सोडली, तर त्या माणसाचे महिने जातात. दाह कमी करायचा म्हणून आपल्या मनानं पेनकिलरही घेऊ नका. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांसोबत ती घेतली, तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. जीव नकोसा वाटत असेल, तर 14416 हा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात.

[दवाखाना. टेबलावर जाड फाइल.]

मावशीच्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-12 पाहिलं. मग सीआरपी. 8 आला. "सर्दीनंही वाढतो," म्हणाले आणि दोन आठवड्यांनी पुन्हा करायला लावला. 7.

मग शोध सुरू झाला. कमरेचा घेर वाढला होता. पोटातली चरबी स्वतःच सायटोकाइन सोडते. साखर काठावर होती. आणि हिरड्या! दात घासताना रोज रक्त यायचं, ते तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. हिरड्यांचा जुना आजार सीआरपी चढता ठेवू शकतो. दातांच्या डॉक्टरांकडे चार खेपा झाल्या. नैराश्यावरच्या गोळीसोबत वेगळ्या जातीची दुसरी गोळी जोडली. सीआरपी वाढलेल्यांना अशी जोडी जास्त लागू पडते, असं एका अभ्यासात दिसलंय. "पुरावा अजून थोडा आहे, ताई, पण करून बघण्यासारखं आहे," डॉक्टर स्पष्ट बोलले. त्या स्पष्टपणानं तिला धीर आला. "म्हणजे मी नाटकं करत नव्हते ना?" तिनं विचारलं. काका खाली मान घालून बसले होते.

[तलावपाळी. संध्याकाळ.]

मावशी पूर्ण बरी झालेली नाही. कुठल्या उपायानं किती काम केलं, हे वेगळं काढता येणार नाही. सध्या एक फेरी होते, तीही संध्याकाळी. काही दिवस तेवढीही नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सीआरपी करायचाय. उपाशीपोटी यायचं का, हे मी विचारणार होते. तोवर तिनं स्वतःच लॅबला फोन लावला होता. "चहा पिऊन आलं तरी चालतं म्हणाले," तिनं मला सांगितलं.