कोर्ट लाइन: ल्युटनची रंगीत विमानं

(दृश्य: ल्युटन विमानतळ. गुलाबी विमान वळतं, मागून नारिंगी येतं.)

आधी रंग नीट पाहून घ्या. गुलाबी, नारिंगी, फिरोजी, जांभळट. ही जाहिरातीपुरती सजवलेली विमानं नव्हेत. पहाटे स्पेनला जायचं, दुपारी परत यायचं, संध्याकाळी पुन्हा निघायचं, असा यांचा रोजचा धबडगा. विमान बीएसी वन-इलेव्हन, आसनं 119, कंपनी ब्रिटनची कोर्ट लाइन, काळ 1970 नंतरचा. एका विमानाला एक रंग आणि त्याच्याच फिकट-गडद छटा. बाकीच्या कंपन्या पांढऱ्या पत्र्यावर निळा नाहीतर लाल पट्टा ओढून मोकळ्या होत असताना हे धाडस कुणीतरी केलं, आणि आमच्या मते झकास केलं.

(दृश्य: गावाचं विहंगम चित्र, कारखान्याच्या चिमण्या.)

ल्युटन लंडनच्या उत्तरेला आहे. हॅट बनवणाऱ्यांचं गाव, नंतर व्हॉक्सहॉल मोटारींचं. विमानतळ नगरपालिकेच्या मालकीचा. हीथ्रोचा थाट इथे कधीच नव्हता, आणि तरीही 1969 मध्ये ब्रिटनमधून सुट्टीसाठी उडणाऱ्या विमानांपैकी पाचवा हिस्सा याच धावपट्टीवरून सुटत होता. वर्षभर यंत्रापुढे उभं राहणारा माणूस दोन आठवडे भूमध्य समुद्रात पाय सोडून बसू लागला तो इथून. ते आधी श्रीमंतांचं सुख होतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं, समुद्रकाठी तंबू.)

सुरुवात आणखी मागे आहे. 1950 साली व्लादिमीर राइट्झ या गृहस्थांनी होरायझन नावाची कंपनी काढून लोकांना विमानाने कॉर्सिका बेटावर नेलं. 32 पौंड 10 शिलिंगांत प्रवास, जेवण आणि राहायला तंबू. सरकारने परवानगी दिली, पण अट घातली: फक्त शिक्षक आणि विद्यार्थी न्यायचे! पुढे बाकीच्यांनाही मुभा मिळाली, तरी एक अडसर उरलाच. त्या मार्गावरच्या नियमित विमानाच्या परतीच्या तिकिटापेक्षा स्वस्त पॅकेज विकायचं नाही. म्हणजे हॉटेल आणि जेवण धरूनही सहलीची किंमत तिकिटाच्या खाली येता कामा नये. बीईए या सरकारी मालकीच्या विमानकंपनीचं गिऱ्हाईक सांभाळण्यासाठीची ही तजवीज. 1970 नंतरच्या दोन-तीन वर्षांत हा नियम सैल होत गेला.

दुसरा नियम मात्र टूरवाल्यांच्या पथ्यावर पडला. 1966 पासून 1970 च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश माणसाला परदेशी सहलीसाठी 50 पौंडांपेक्षा जास्त रकमेचं परकीय चलन घ्यायची मुभा नव्हती. आपल्या आपण हिंडणाऱ्याची त्यात पंचाईत व्हायची. पॅकेजवाल्याचं विमानभाडं घरीच पौंडांत चुकतं व्हायचं आणि हॉटेल घाऊक भावात पडायचं, त्यामुळे 50 पौंडांतही वरखर्चाला पैसे उरायचे.

(दृश्य: ऑटेअरचं जुनं विमान, त्यावरून विरत जाऊन कोर्ट लाइनचं.)

कोर्ट लाइन मुळात जहाजवाली कंपनी, 1905 सालची. हेलिकॉप्टरच्या धंद्यातून आलेली ऑटेअर ही ल्युटनची विमानकंपनी तिने 1965 मध्ये घेतली. 1969 अखेर ऑटेअरची नियमित उड्डाणं बंद झाली, आणि 1 जानेवारी 1970 पासून नवं नाव, नवे रंग. यापुढे फक्त सहलींचे प्रवासी. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक क्लार्कसन्स, स्वस्त पॅकेज विकण्यात देशात अग्रेसर.

(दृश्य: विमानाच्या आत, आसनाच्या पाठीचं जवळून चित्रण. इथे घाई नको.)

आता ही आसनाची पाठ बघा, सगळा धंदा इथे कळतो. पाठीत दोन बंद कप्पे आहेत. विमान ल्युटनहून निघण्याआधीच दोन्हींत थंड जेवण भरून ठेवलेलं. एक कप्पा जातानाच्या प्रवाशाचा. दुसऱ्याला कुलूप, कारण त्यातलं जेवण त्याच आसनावर बसून परत येणाऱ्या माणसाचं. मोठं स्वयंपाकघर नको, ट्रॉली नको, परक्या विमानतळावर जेवण चढवायला थांबणं नको. वाचलेल्या जागेत आणखी आसनं, वाचलेल्या वेळेत आणखी एक फेरी. कुलूप फार भक्कम नव्हतं, ही एकच गोम. जाताना कुणाची भूक जास्त असली की येणाऱ्याच्या वाट्याला रिकामा कप्पा. हवाई सुंदरींनी काय काय ऐकून घेतलं असेल!

(दृश्य: शिडी लागते, एक रांग उतरते, लगेच दुसरी चढते.)

नियमित सेवेचं विमान अर्धं रिकामं असलं तरी वेळ झाली की उडतं. चार्टरचं तसं नाही. आसनं टूर कंपनीने हंगामाआधीच घाऊक उचललेली. विमान भरून जायचं, भरून यायचं, आणि जमिनीवर कमीत कमी थांबायचं. शनिवार-रविवारी तर रात्रीही उसंत नाही. पहाटे तीनला सामानाच्या रांगेत मुलं पेंगत उभी, हे चित्र ल्युटनला नेहमीचं. या गर्दीला तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. आम्ही त्यांच्यातले नाही.

(दृश्य: लॉकहीड ट्रायस्टार उतरतं. संगीत वाढतं, निवेदन थांबतं. दहा सेकंद.)

1973. ट्रायस्टार. युरोपात हे विमान सगळ्यात आधी कुणी घेतलं, तर ल्युटनच्या या कंपनीने. इंजिनं रोल्स-रॉइसची, ज्यांच्या खर्चापायी 1971 मध्ये खुद्द रोल्स-रॉइस बुडाली होती. कोर्ट लाइनने दोन घेतली, नावं ठेवली हॅल्सियन डेज आणि हॅल्सियन ब्रीझ, आणि प्रत्येकात 400 माणसं बसवली. वन-इलेव्हनच्या तीन फेऱ्यांपेक्षा जास्त माणसं एका खेपेत. शेजारी उभी असलेली वन-इलेव्हन खेळण्यासारखी दिसतेय.

दरम्यान कंपनीचे पाय अंथरुणाबाहेर गेले होते. कॅरिबियनमधली लिआट ही विमानकंपनी घेतली, तिथेच हॉटेलं काढली. तोट्यात गेलेली क्लार्कसन्स 1973 मध्ये नाममात्र किमतीला पदरात घेतली, कारण ती बुडाली तर विमानं भरायची कुणी? 1974 च्या सुरुवातीला होरायझनही घेतली. मग तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला, पौंड घसरला, ब्रिटनमधले कारखाने आठवड्याला तीनच दिवस चालू लागले. सहलीचं आरक्षण आटलं. कर्जाच्या कागदांचं चित्रीकरण कुणी करून ठेवत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

(दृश्य: संसद, बातमीपत्राचे तुकडे.)

26 जून 1974 रोजी उद्योगमंत्री टोनी बेन यांनी जाहीर केलं की कोर्ट लाइनच्या जहाजबांधणीच्या गोद्या सरकार घेणार, आणि त्यामुळे उन्हाळ्यातल्या सहलींनाही स्थैर्य यावं. लोकांनी मंत्र्यांच्या शब्दावर पैसे भरले. पन्नासएक दिवसांत, 15 ऑगस्टला, ऐन हंगामात कंपनी बुडाली. पुढे संसदेच्या लोकपालांनी सरकारवर ठपका ठेवला.

(दृश्य: विमानतळावर बसलेली कुटुंबं. निवेदन कमी.)

परदेशात सुमारे 50,000 माणसं अडकली. टूर कंपन्यांनी आधी जमा केलेल्या हमीच्या रकमेतून त्यांना परत आणलं. आणखी लाखभर लोकांचे पैसे भरलेले, सहल नाही. त्यांच्यासाठी 1975 मध्ये कायदा करून राखीव निधी उभारला, आणि तो पुढच्या पॅकेजांवरच्या आकारणीतून भरून काढला. कर्मचारी घरी बसले.

(दृश्य: रांगेत उभी, वापरात नसलेली विमानं.)

ट्रायस्टार काही काळ ल्युटनलाच उभी होती. पुढे दोन्ही हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिककडे गेली. वन-इलेव्हनपैकी काही मोनार्क या ल्युटनच्याच शेजारणीने घेतल्या आणि आपल्या रंगात रंगवल्या. मोनार्क 2 ऑक्टोबर 2017 रोजी बंद पडली. 1,10,000 प्रवासी परदेशांत होते, ब्रिटिश सरकारने विमानं भाड्याने घेऊन त्यांना आणलं. दोन वर्षांनी, 23 सप्टेंबर 2019 ला, थॉमस कुक ही ब्रिटिश टूर कंपनी बुडाली. तिची मँचेस्टर आणि गॅटविकहून येणारी विमानं दाबोळीला उतरत असत. गोव्याचा हंगाम तोंडावर आला होता, आणि शॅकवाल्यांना, टॅक्सीवाल्यांना, हॉटेलांना ती गिऱ्हाइकं दुसरीकडून शोधावी लागली.