लाल चौकातल्या चिनी काकू

हा मॉस्कोचा लाल चौक. आणि वाऱ्यावर हे जे लाल, पोपटी, हळदी फडफडतंय ना, ते झेंडे नाहीत, स्कार्फ आहेत. एकीने हात वर केले की बाकीच्या सात-आठ जणी पण करणार, मग फोटो, मग परत फोटो, आणि गाईड बिचारा बाजूला झेंडी धरून उभा. चीनमध्ये यांना 'दामा' म्हणतात, आपल्या काकू-मावशीसारखं, आणि यांच्या स्कार्फवर नेटवर भरपूर जोक चालतात.

हसा, पण आधी यांची वयं बघा. सत्तरीच्या आसपास. 1968 च्या डिसेंबरमध्ये माओने शहरातल्या पोरांना खेड्यात पाठवायचं ठरवलं तेव्हा या शाळकरी पोरी होत्या. जवळजवळ 1 कोटी 60 लाख मुलं गेली त्या काळात, कोण दक्षिणेत युन्नान प्रांतातल्या रबराच्या मळ्यात, कोण पार वर उत्तरेत हेलोंगजियांग प्रांताच्या थंडीत शेती करायला. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षा बंद होत्या, त्या परत आल्या थेट 1977 ला. अंगावर कपडे निळे नाहीतर करडे. आता कळलं एवढे रंग कुठून आले?

आणि हेलोंगजियांगमध्ये नदीच्या पलीकडे काय, तर रशिया! यांच्या लहानपणी जो 'मोठा भाऊ' होता, ज्याचे इंजिनियर चीनमध्ये कारखाने उभे करत होते, तोच 1969 ला सीमेवर गोळीबार होऊन पक्का शत्रू झालेला. पुढे लग्न, कारखान्यातली नोकरी, 1980 नंतर सरकारी नियमाने एकच मूल, आणि स्वतःच्या पैशाने परदेश फिरायचे रीतसर नियम आले 1997 ला, तोवर या चाळिशी ओलांडलेल्या. मग मुलाचं घर, मग नातू सांभाळा.

ही लेनिनच्या समाधीची रांग. प्रत्येकीच्या पिशवीत गरम पाण्याचा थर्मास, थंड पाणी पिणार नाहीत म्हणजे नाहीत. सप्टेंबरमध्ये नातवंडांची शाळा सुरू झाली की या मोकळ्या, तिकीटही उतरलेलं, ग्रुपने यायला व्हिसाची कटकट नाही, थोडं पेन्शन आणि थोडं मुलाने दिलेलं.

पीटर्सबर्गजवळच्या कॅथरीन राजवाड्यात या ग्रुप्सच्या गर्दीने लोक वैतागतात, हेही खरंय.

बस सुटायला दहा मिनिटं. गाईड हाका मारतोय. पिवळा स्कार्फ परत वर गेला.