‘पहिलाच गुन्हा आहे, साहेब’

नमस्कार. वाचनालयाच्या चिटणीसांना मी फोनवर विषय सांगितला, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, “मॅडम, पत्रिकेवर जरा सौम्य छापू या का?” म्हणून तुमच्या हातातल्या कागदावर ‘बालक आणि कायदा’ असं आहे. माझा विषय त्याहून अरुंद आहे. ज्याच्यावर विसंबून मूल सोपवलं, त्यानंच त्या मुलावर लैंगिक अत्याचार केला, आणि कोर्टात ते शाबीत झालं. आता न्यायाधीश शिक्षा किती द्यायची ते ठरवतात, ते कशावरून?

सत्र न्यायालयात उभं राहून मला पंचवीस वर्षं झाली. बरीचशी फिर्यादीच्या बाजूनं, काही वेळा आरोपीच्याही. त्यामुळे आज जे बोलेन ते दोन्ही टेबलांवरून पाहिलेलं आहे.

निकाल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हातोडा येतो. आपल्याकडे हातोडा नसतो. ‘दोषी’ म्हटल्याबरोबर शिक्षाही सुनावली जात नाही. आधी शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचं म्हणणं ऐकावं लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २३५ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत २५८ झालं. न्यायाधीश कठड्यातल्या माणसाकडे बघून विचारतात, “तुम्हाला दोषी धरलंय. शिक्षेबाबत काही सांगायचंय?” तो मान खाली घालतो. मग त्याचा वकील उठतो आणि ठरलेली वाक्यं म्हणतो. पहिलाच गुन्हा आहे, साहेब. घरात म्हातारी आई आहे. कमावता एकटाच. दोन मुलं शिकताहेत. समाजात नाव आहे. दया दाखवावी.

ही वाक्यं मीही म्हटली आहेत. वकिलाचं कामच ते. पण शिक्षक, वसतिगृहाचा अधीक्षक, काका, सावत्र बाप यांच्या खटल्यात ‘समाजात नाव आहे’ हे ऐकताना मला दर वेळी खटकतं. अहो, ते नाव होतं म्हणून तर मूल त्याच्या खोलीपर्यंत गेलं! ‘सरांनी बोलावलंय’ म्हणून आईनंच पाठवलं. दरोडेखोर कुलूप फोडतो, याला कुलूप फोडावं लागलं नाही, किल्ली आपणच दिली होती. गुन्हा ज्या हत्यारानं केला, तेच हत्यार शिक्षा कमी करा म्हणून पुढे करायचं, हे कुठलं न्यायाचं गणित?

इंग्लंडमध्ये यावर लेखी उत्तर आहे. तिथे न्यायाधीशांसाठी शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं छापलेली असतात. लैंगिक गुन्ह्यांच्या तत्त्वांत विश्वासाचा गैरवापर हा गुन्ह्याचा दोष वाढवणारा घटक धरला आहे. शिवाय चांगल्या नावाचा उपयोग गुन्हा करायलाच झाला असेल, तर एरवी त्या नावाची सूट मिळू नये, उलट ते विरुद्ध धरता येईल, असंही म्हटलंय. आपल्याकडे अशी छापील तत्त्वं नाहीत. जे आहे ते कायद्याच्या कलमांत आणि वरच्या न्यायालयांच्या निकालांत.

तर कलमांकडे येऊ. ‘पोक्सो’ म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२चा. त्याच्या आधी अशा गुन्ह्यांसाठी देशपातळीवर वेगळा कायदा नव्हता. गोव्यात मडगावजवळ फातोर्ड्यात फ्रेडी पीट्स नावाचा माणूस ‘गुरुकुल’ नावाचं मुलांचं घर चालवायचा. १९९१ मध्ये तो पकडला गेला, १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. नावाकडे लक्ष द्या. गुरुकुल! मुंबईत कुलाब्याला ‘अँकरेज’ नावाचा रस्त्यावरच्या मुलांचा निवारा होता, ब्रिटिश नौदलात राहिलेल्या माणसानं काढलेला. २००६ मध्ये सत्र न्यायालयानं दोघा ब्रिटिशांना सहा वर्षांची शिक्षा दिली. २००८ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. २०११ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांची साक्ष विश्वासार्ह धरून सत्र न्यायालयाचा निकाल पुन्हा उभा केला. भाकरी, अंथरूण आणि डोक्यावर छप्पर देणाऱ्यानं हे केलं, त्याला सहा वर्षं. मुलांच्या कायद्याशिवाय, वसाहतकाळातल्या दंडसंहितेची कलमं जुळवून खटला चालवावा लागला, तेव्हा त्या शिक्षेत ‘विश्वास’ या शब्दाला किती वजन मिळणार?

पोक्सोनं ते वजन कलमातच घातलं. कलम ५ म्हणजे गुन्हा ‘गंभीर स्वरूपाचा’ कधी होतो याची यादी. पोलीस, सैन्यदल, सरकारी नोकर, निरीक्षणगृहाचे कर्मचारी, रुग्णालयाचे, शाळेचे, धार्मिक संस्थेचे. मग रक्ताचं, दत्तकाचं, लग्नाचं नातं असलेले, एकाच घरात राहणारे. आणि शेवटी एक मोठं जाळं: मुलाच्या बाबतीत ‘विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावर’ असलेली कोणीही व्यक्ती. क्लासचे सर, रिक्षावाले काका, कबड्डीचा प्रशिक्षक सगळे या जाळ्यात येऊ शकतात. कायद्यानं या स्थानाची व्याख्या केली नाही, आणि मला ते बरंच वाटतं. व्याख्या केली असती तर वकिलांनी तिच्यात भोकं पाडली असती.

शिक्षेचे आकडे असे. शरीरात प्रवेश असलेला अत्याचार विश्वासाच्या स्थानावरून झाला, तर कलम ६. मूळ कायद्यात किमान दहा वर्षं होती. ऑगस्ट २०१९ पासून किमान वीस वर्षं, तिथून उरलेलं सगळं नैसर्गिक आयुष्य तुरुंगात, आणि फाशीसुद्धा. प्रवेश नसलेला, पण लैंगिक हेतूनं केलेला स्पर्श असेल तर कलम १०, पाच ते सात वर्षं. तोच स्पर्श अनोळखी माणसानं केला आणि गंभीर ठरवणारं दुसरं काही कारण नसेल, तर तीन ते पाच. म्हणजे कायद्याच्या तराजूत विश्वासघाताचं वजन इथे सरळ दिसतं: खालच्या टोकाला दोन वर्षं, वरच्या टोकालाही दोन.

किमान शिक्षेच्या खाली न्यायाधीशाला उतरता येत नाही. आरोपी तरुण आहे, कुटुंब आहे, काहीही असो. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात हेच सांगितलं. उच्च न्यायालयानं गुन्हा हलक्या कलमात बसवून दहाची सात वर्षं केली होती, ती पुन्हा दहा झाली. गुन्हा २०१९च्या आधीचा, म्हणून किमान दहाच. किमानाच्या वर मात्र विवेकाला जागा आहे, आणि तिथे विश्वासाचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. उत्तराखंडातला एक खटला, तोही किमान दहाच्या काळातला, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. मुलगी चार वर्षांची, आरोपी साठी उलटलेला शेजारी. न्यायालयानं म्हटलं, की मुलगी एकटी असताना शेजारी म्हणून तिचं रक्षण करणं हे त्याचं कर्तव्य होतं, त्यानं तिच्या निरागसपणाचा फायदा घेतला. दोष कायम राहिला. पण त्याचं वय आणि क्षयाचा आजार बघून जन्मठेपेची पंधरा वर्षं केली. हे चूक असं मी म्हणत नाही. आजारी म्हाताऱ्याला तुरुंगात मरू द्यायचं की नाही हा प्रश्न खरा आहे. मी एवढंच दाखवते, की सूट मिळाली ती वय आणि आजाराला, चांगल्या नावाला नाही. हा फरक खालच्या कोर्टांतल्या निकालपत्रांत नेहमी दिसतो असं नाही.

आता वीस वर्षांच्या किमान शिक्षेबद्दल बोलते. इथे माझ्या काही सहकाऱ्यांशी माझं जमत नाही.

नागरिकांच्या मोर्चात ‘फाशी द्या’ म्हणणं सोपं आहे, कारण मनातला आरोपी अनोळखी असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं तेच दिसतं: या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे. म्हणजे खटल्यात साक्ष द्यायची ती बापाविरुद्ध, मामाविरुद्ध, घरभाडं भरणाऱ्या माणसाविरुद्ध. मी एक बाई पाहिली, गाव सांगत नाही. पोलिसांत तिनं स्वतः फिर्याद दिली होती. वर्षभरानं साक्षीला आली तेव्हा नवरा तुरुंगात, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, धाकटं कडेवर. सरतपासणीत, म्हणजे आपल्या बाजूच्या साक्षीदाराला पहिले प्रश्न विचारताना, मी विचारलं, मुलीनं तुम्हाला काय सांगितलं? ती म्हणाली, “मला आठवत नाही.” मी फितूर साक्षीदार जाहीर करायची परवानगी मागितली, प्रश्न विचारले, सगळ्याला तेच उत्तर. कठड्यातून तो तिच्याकडे बघतही नव्हता, गरजच नव्हती. बाहेर व्हरांड्यात ती मला म्हणाली, “ताई, पाच-सात वर्षं असती तर बोलले असते.”

शिक्षा वाढली तसा गप्प बसण्याचा भावही वाढला. आणि न्यायाधीश माणूस असतो. वीस वर्षं द्यायचा हात थांबला, की कधी तो गुन्हा खालच्या कलमात बसवतो, कधी संशयाचा फायदा देऊन सोडतो. मोठ्या किमान शिक्षेनं विश्वासघात करणाऱ्याला धाक बसतो म्हणतात. माझ्या अनुभवात त्याला धाक वाटतो तो पकडलं जाण्याचा, आकड्याचा नाही. आपण पकडलेच जाणार नाही हा त्याचा भरवसाही त्याच विश्वासावर उभा असतो.

दुसरी गंमत, गंमत म्हणायची नाही खरं तर. हीच वीस वर्षं सतरा वर्षांच्या मुलीसोबत पळून गेलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरालाही लागू होतात, कारण ‘एकापेक्षा जास्त वेळा’ किंवा ‘गर्भधारणा झाली’ हेही कलम ५ मध्ये आहे. पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात मुलगी चौदाची, तो पंचवीसचा होता, तरी सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या मे महिन्यात, दोष कायम ठेवूनही, विशेषाधिकार वापरून शिक्षाच दिली नाही. तिथे कोणी कोणाचा विश्वास विकला नव्हता. हे दोन गुन्हे एकाच फुटपट्टीनं मोजायची पाळी आली, यातच फुटपट्टीचा दोष दिसतो.

मग शिक्षा कोणाला? फक्त हात लावणाऱ्याला? आपल्याकडे म्हण आहे, कुंपणानंच शेत खाल्लं. पण कुंपण एकटं खात नाही, बांधावर उभे असलेले बघत असतात. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर वर्षापर्यंत शिक्षा. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरनं कळवलं नाही असा आरोप होता. नागपूर खंडपीठानं त्याच्यापुरता गुन्हा रद्द केला. राज्य सरकार वर गेलं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्दबातल ठरवला. गुन्हा वेळेवर कळवला जाणं किती महत्त्वाचं, हे त्या निकालात स्पष्ट लिहिलंय.

बदलापूर तर कालचं आहे. ऑगस्ट २०२४, शाळेतल्या लहानग्या मुली, आरोप सफाई कर्मचाऱ्यावर. लोक रेल्वे रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद. मागणी एकच, फाशी. सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून तो आरोपी मेला. पेढे वाटल्याचं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मला त्या दिवशी वाटलं, आता त्या मुलींच्या बाबतीत एकही न्यायाधीश कधीच लिहिणार नाही, की तुमच्याशी असं असं झालं, ते या माणसानं केलं, आणि तो शाळेचा होता म्हणून ते जास्त वाईट. निकालपत्रातला तो परिच्छेद मुलासाठी असतो. बंदुकीला परिच्छेद लिहिता येत नाही.

दंडाबद्दल एक सांगून थांबते, घड्याळ पुढे गेलंय. कलम ६ च्या दंडाबाबत २०१९ पासून असं म्हटलंय, की तो वाजवी असावा, उपचार आणि पुनर्वसनाच्या खर्चाला पुरेसा असावा आणि मुलालाच मिळावा. त्याशिवाय विशेष न्यायालय नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतं, आपल्या राज्यात २०१३ पासून पीडित स्त्रिया-मुलांना अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजनाही आहे. तरी निकालपत्राच्या शेवटच्या पानावर दंडाचा आकडा बघा. पाच हजार. दहा हजार. न भरल्यास आणखी तीन महिने सक्तमजुरी. एका निकालानंतर मी त्या मुलीच्या आजीला हे वाचून दाखवलं. तिनं विचारलं, “म्हणजे न दिले तर तो आत बसणार, आणि हिच्या फीचं काय?” मी भरपाईसाठीचा विधी सेवा प्राधिकरणाचा अर्ज तिच्या हातात दिला. कुठं सही करायची ते दाखवलं. ती म्हणाली, अंगठा चालेल का.

प्रश्न असतील तर विचारा. नावं घेऊन मात्र विचारू नका.